बसऱ्याची बदकं

उत्रोलीच्या आमच्या घरात कुणी चार शब्द जास्तीचे लावून काही सांगायला लागलं, की दुसरं कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली बसऱ्याची बदकं." मग सांगणारा ओशाळायचा आणि गोष्ट तिथंच आटपायची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला या बोलण्याचा काही पत्ता लागेना. नव्या नवरीनं आल्या आल्या प्रश्न विचारू नयेत, असं भोरहून निघताना आईनं बजावलं होतं. ते मी पहिले दोन दिवस पाळलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

गोष्ट अशी होती. माझे सासरे पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बोटीनं बसऱ्याला गेले होते. मी त्यांना मामंजी म्हणायची. तिथं त्यांनी काय लढाई केली ते त्यांनी कधी धड सांगितलं नाही. विचारलं तर ऊन फार होतं आणि खजूर बरा होता, एवढंच सांगत. पण तिथल्या मोठ्या नदीवर हिवाळ्यात तांबडी बदकं उतरत, त्यांच्याविषयी मात्र ते बोलायला लागले की चहा गार व्हायचा. अंग तांबूस, डोकं फिकट, आणि उडाली की पंखात पांढरं चमकायचं. सगळ्यात मुख्य म्हणजे, मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे ही तीच बदकं होती, जी लहानपणी त्यांनी आमच्या नीरेच्या वाळूवर पाहिली होती. तिकडं परमुलखात ती दिसली तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, असं सांगून ते थांबत आणि आत्याबाईंकडं बघत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

आत्याबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "उत्रोलीची बदकं बसऱ्याला. तिकीट कुनी काढलं त्यांचं?"

आणि सगळं घर हसायचं. मामंजीही हसायचे, पण त्यांचं हसणं बाकीच्यांच्या आधी संपायचं. ते मला नवीन असूनही दिसलं, किंवा नवीन होते म्हणूनच दिसलं असेल. आत्याबाईंचा स्वभाव काही कठोर नव्हता. मामंजी तिकडं असताना तान्हं मूल, भाताची शेती आणि त्यांच्या स्वतःच्या खाष्ट सासूबाई, हे सगळं त्यांनी एकटीनं ओढलं होतं. त्या वर्षांबद्दल त्या अवाक्षर काढत नसत. माणूस इतक्या वर्षांनी घरी येतो आणि सांगतो काय, तर बदकं, हे त्यांना पचलं नसावं. त्यांचं माहेर घाटमाथ्याचं, आणि सासरी आल्यावर नदीशी त्यांचा संबंध धुण्याच्या दगडापुरता. मामंजींची ती वाळू तर नदीच्या खूप खालच्या अंगाला होती. शिवाय भाटघरला धरणाची नवी मोठी भिंत झाली तेव्हापासून पाण्याची ठेवणच बदलली होती आणि नीरेवर ती बदकं कुणाला दिसत नव्हती. त्यामुळं मामंजींच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणीच उरलं नव्हतं.

साक्षीदार नसला तरी त्यांच्याजवळ एक दुर्बीण होती. पलटणीतून सुटताना एका साहेबानं ती त्यांना बक्षीस दिली होती. तिची एक नळी धुरकटलेली होती, म्हणून एका डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्या डोळ्यानं बघावं लागे. सणासुदीला ती बाहेर निघे आणि सगळी आळी रांगेनं रोहिडा किल्ल्याचा बुरूज बघून जाई. एरवी ती मामंजींच्या पेटीत, जुन्या फेट्यात गुंडाळून असायची.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच, मार्गशीर्षात, या सगळ्याला वाचा फुटली. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या धनगर वस्तीवरची एक बाई आमच्याकडं लोणी घालायला यायची. बोलता बोलता ती म्हणाली की वेळवंडी नदी जिथं धरणाच्या पाण्यात शिरते, तिथं या दिवसांत तांबडी बदकं बसतात, शेरडं पाण्यावर नेली की उडतात. मामंजी ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांचा हात थांबला. आत्याबाईंनी लोण्याचा गोळा उगाचच पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हणाले, "मग जाऊन बघू या की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आमच्या गावात माणसं घराबाहेर पडत ती बाजाराला, लग्नाला, बाळंतपणाला किंवा देवाला. पाखरं बघायला म्हणून गाडी जुंपून कुणी गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. माझे यजमान भोरच्या शाळेत मास्तर होते. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांना बातमी कळली. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, कारण घरात काही नवीन उपटलं की त्याचं मूळ कुठं असतं ते त्यांना एव्हाना कळलं होतं. मग म्हणाले, हा चक्रवाक असणार. जुन्या काव्यात त्याची जोडी दिवसा एकत्र असते आणि रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारत बसते. आम्ही शाळेत शिकवतो, पण पाहिलेला कुणी नाही.

आत्याबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता निकाल दिला. "जाऊ. पन एक सांगते. बदकं दिसली, तर जन्मात पुन्हा थापा म्हननार न्हाई. न्हाई दिसली, तर या घरात बसऱ्याचं नाव काढायचं न्हाई."

मामंजी लगेच "व्हय" म्हणाले. मला मात्र वेगळीच काळजी लागली. बसरा काढून घेतल्यावर या माणसाजवळ बोलायला राहील काय? शेताबद्दल ते बोलत नसत, देवाबद्दल बोलत नसत, गावातल्या भानगडींचा त्यांना कंटाळा. ती बदकं होती म्हणून ओसरीवर त्यांचा आवाज होता. मी गमतीत गाडी जुंपायला निघाले आणि डाव भलताच मोठा झाला.

तिथून पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरात जी तयारी चालली तशी माझ्या लग्नातही झाली नसेल. मामंजींनी मोहीम हातात घेतली. सारवलेल्या अंगणात त्यांनी कोळशानं नदी काढली, धरणाचं पाणी काढलं, गाडी सोडायची जागा, दबा धरायची जागा, वारा कुठून येईल त्याची खूण. आम्हांला भोवती उभं करून त्यांनी सगळं समजावलं. तेवढ्यात कोंबडी पिलांसकट नदी ओलांडून गेली आणि आत्याबाई म्हणाल्या, बघा, बदकं आलीसुद्धा. मामंजींनी कोंबडीला हाकललं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

मग हुकूम निघाले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढायच्या. भडक लुगडं नेसायचं नाही. यावर आत्याबाईंनी पेटी उघडून दाखवली, तिच्यात एक हिरवं, एक लाल आणि एक त्याहून लाल होतं. शेवटी धुवून धुवून रंग गेलेलं एक जुनं लुगडं त्यांच्या वाट्याला आलं, आणि चांगलं लुगडं असताना हे नेसून वेशीबाहेर जायचं म्हणून त्या दिवसभर धुसफुसत राहिल्या. माझ्या हातातल्या बांगड्या वाजतात अशी तक्रार आली. मी काढणार नाही म्हटलं. तेव्हा त्यांच्यावर चिंध्या गुंडाळायचं ठरलं. मामंजींनी मला अंगणात वाकून, पाऊल न वाजवता चालायला लावलं. शेजारीण पाणी घेऊन चालली होती, ती कळशीसकट थबकली. कमरेत उसण भरली का, असं तिनं काळजीनं विचारलं.

सगळं जमत आलं आणि वाराशी येऊन अडलं. ह्यांना सुट्टी रविवारची. बदकं मावळतीच्या दिशेला. आणि रविवारी मावळतीला दिशाशूळ असतं, त्या दिशेनं त्या दिवशी प्रवासाला निघायचं नसतं. आत्याबाईंनी हे सांगितलं आणि हात झाडले. ह्यांनी शास्त्र, भूगोल, पृथ्वी गोल आहे वगैरे काढून पाहिलं. मामंजी म्हणाले, "बसऱ्याला निघालो तवा कुनी दिशाशूळ बघितलं हुतं?"

"म्हनूनच परत यायला येवढी वर्सं लागली," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनी भूगोल आवरता घेतला. पण नियम ज्यांच्याजवळ असतो, पळवाटही त्यांच्याचजवळ असते. आत्याबाईंनी तोड काढली ती प्रस्थानाची. निघायचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी, आपण जाणार त्या दिशेच्या घरी, आपली एक वस्तू नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. दुसऱ्या दिवशी जाता जाता ती उचलायची आणि पुढं जायचं, की दोष लागत नाही. शनिवार मावळतीला चांगला होता. गावाच्या मावळतीच्या टोकाला गुरवाचं घर होतं. आता ठेवायचं काय, हा प्रश्न आला. तांदूळ-सुपारीची पुरचुंडीही चालते, पण आत्याबाईंना अर्धवट काम पसंत नव्हतं. ज्यात माणसाचा जीव गुंतलेला असतो ते ठेवलं तर प्रस्थान पक्कं होतं, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. हे बोलताना त्या मामंजींच्या पेटीकडं बघत होत्या.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी जुन्या फेट्यात बांधलेली दुर्बीण हळद-कुंकू लावून गुरवाच्या घरी गेली. न्यायला मी आणि आत्याबाई. गुरवाच्या बायकोनं देवळीतला दिवा बाजूला सारून तिथं ती ठेवली आणि साहजिकच विचारलं, कुठं दौरा. पाखरं बघायला, असं सांगायची आत्याबाईंना लाज वाटली. त्या म्हणाल्या, आंबवड्याच्या देवाला.

"आंबवडं मावळतीला कवापासनं आलं?" गुरवीण म्हणाली.

आत्याबाई पदर सावरून निघाल्या. घरी येताना मला म्हणाल्या, बाई चांगली आहे पण चौकशा फार.

रविवारी झुंजूमुंजूलाच गाडी जुंपली. आंबेमोहोराचा दहीभात, भाकऱ्या, वांग्याचं भरीत, ठेचा, बैलांची वैरण, सगळं चढलं. आत्याबाईंनी शेवटची तंबी दिली. निघताना कुणी कुणाला मागून हाक मारायची नाही, काही राहिलं तर राहू दे. कुणी मागून हाक मारली तर प्रवास फुकट जातो, हे त्यांचं ठाम मत आणि सगळ्या गावाचंही. ह्यांनी कासरा धरला. घुंगरं काढलेली, चाकाला भरपूर वंगण, त्यामुळं गाडी कशी निमूट चालली होती. बैलांनाही चुकल्या चुकल्यासारखं वाटत असावं, कारण ते नेहमीपेक्षा झपाट्यानं निघाले.

गावाच्या टोकाला गुरवाच्या दारात त्याची बायको उभी होती. अंधुक उजेडात तिचा हात वर झालेला दिसला. आत्याबाईंचं मन भरून आलं. "किती मायेची बाई," त्या म्हणाल्या, "निरोप द्यायला एवढ्या पहाटं उठली." आणि त्यांनीही हात हलवला. मीही हलवला. मामंजींनी तर पलटणीतला सलाम ठोकला. गुरवीण दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवायला लागली, तोंडातून मात्र अक्षर नाही. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच हात हलवत होती.

भोर अजून पुरतं जागं झालं नव्हतं. माझ्या माहेरच्या गल्लीवरून गाडी गेली तेव्हा मी मान वळवून पाहिलं, दारात सडासुद्धा पडला नव्हता. पुढं उजाडत गेलं तशी मी गाडीत बसू शकेना. उतरून चाकाबरोबर चालायला लागले. कापलेल्या खाचरांत धुकं बसलं होतं. ओहोळाकाठी करंजाच्या फांदीवर खंड्या बसलेला, निळाशार, चोच खाली. बगळे बैलांच्या पुढून पुढून चालत होते. टिटवी ओरडली तेव्हा आत्याबाईंनी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. वाटेवर करडं, शेपटी खालीवर करणारं एक पाखरू सारखं तुरुतुरु पळत होतं. त्याला धोबी म्हणतात, हे मामंजींनी सांगितलं. आत्याबाईंनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडं बोट केलं. "हिच्यासारखं हाय. येका जागी ठरायचं नाव न्हाई." मामंजी इतके हसले की बैलांनी कान टवकारले. किती आनंद झाला होता मला. घरचं काम नाही, देवाचं काम नाही, चार माणसं नुसती बघायला निघालेली. असं कधी केलंच नव्हतं.

ऊन तापायच्या आत आम्ही पोचलो. धरणाचं पाणी मागं सरकायला लागलं होतं आणि नदी जिथं त्यात शिरत होती तिथं ओल्या वाळूचा नि गोट्यांचा पट्टा उघडा पडला होता. गाडी झाडीत सोडली. मामंजींच्या खुणेनं आम्ही वाकून, एकामागून एक, नकाशात ठरल्याप्रमाणे निर्गुडीच्या आडोशाला जाऊन बसलो. माझ्या चिंध्या गुंडाळलेल्या बांगड्यांनी काही गडबड केली नाही. पलीकडं, पाण्याच्या त्या अंगाला, वाळूवर काही तांबूस ठिपके होते.

मामंजींनी न बघता मागं हात केला. "दुर्बीन."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी ह्यांच्याकडं. ह्यांनी आकाशाकडं. मग हळूहळू सगळ्यांच्या डोळ्यांपुढं ती गुरवीण उभी राहिली, दोन्ही हात हलवणारी. तिच्या एका हातात काहीतरी होतं, असं आता प्रत्येकाला आठवायला लागलं.

कुजबुजत भांडण करणं फार अवघड. मामंजींचं म्हणणं, ज्यांनी ठेवली त्या बायकांनी उचलायची. आत्याबाईंचं म्हणणं, प्रवास ज्याचा प्रस्थान त्याचं, उचलायचं त्यानंच. ह्यांचं म्हणणं, मी मुळात हे मानतच नाही, त्यामुळं माझा संबंध येत नाही. आणि त्या बिचारीनं मागून हाक का मारली नाही, हे तर विचारायचीही सोय नव्हती. मागून हाक मारायची नाही, हे आमच्याइतकंच तिलाही ठाऊक होतं. ती बाई पुरचुंडी हातात घेऊन आमचा शकुन सांभाळत उभी राहिली होती. मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी वाळूत आडवी झाले, आणि मला बघून हेही हसायला लागले.

मामंजी हसले नाहीत. ते ठिपके ते डोळे बारीक करून बघत होते. बदकंच आहेत, असं ते म्हणाले. आत्याबाईंनी कपाळावर हात धरून पाहिलं, मान डावीकडं केली, उजवीकडं केली.

"ढेकळं हायेत," त्या म्हणाल्या.

चिडवायला म्हणाल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच ढेकळं दिसत होती. ह्यांनी सुचवलं की जरा पुढं सरकू. पण मध्ये उघडी वाळू होती, गेलो असतो तर पाखरं उठली असती. दुर्बीण आणायला परत जायचं, तर जाऊन येईतो संध्याकाळ, आणि निम्म्यातून मागं फिरणं आत्याबाईंना चालणार नव्हतं. मामंजी म्हणाले, असू दे. पैज ठरली तशी ठरली. आणि ते खाली बसून आपल्या चपलेतली वाळू झटकायला लागले, सावकाश, आधी एका, मग दुसऱ्या. मला फार वाईट वाटलं. एवढा अंगणात रणगोंधळ घालणारा माणूस, त्याला असं निमूट बसलेला बघवेना. मी आत्याबाईंना सांगून टाकणार होते की मला दिसताहेत, चोचीसकट दिसताहेत. खोटं बोलायला माझी ना नव्हती. पण मामंजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मानेनंच नको म्हटलं.

मग काय, आम्ही जेवायला बसलो. भूक लागली होतीच. भरीत फर्मास झालं होतं, पण कुणी म्हटलं नाही. जेवताना चौघांपैकी कुणीच बोलत नव्हतं, आणि मी गप्प होते म्हणजे ती खरीच शांतता होती. वाराही पडला होता. तेव्हा पाण्यावरून आवाज आला. नाकातून काढल्यासारखा, लांबट, थोडा कापरा. आँऽग. आँऽग. पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओळखीच्या माणसाला हाक मारावी तसा. जरा वेळानं दुसऱ्या बाजूनं तसंच उत्तर.

आत्याबाई दहीभाताचं भांडं उचलत होत्या. ते त्यांनी खाली ठेवलं. पुन्हा आवाज आला तेव्हा त्यांनी हात वर करून आम्हांला गप्प केलं, आम्ही गप्पच असताना.

"ह्यो आवाज त्यांचा?" त्यांनी विचारलं.

मामंजी म्हणाले, त्यांचाच.

"ह्यो म्या ऐकलाय."

मग त्या सांगायला लागल्या, आमच्याकडं न बघता, पाण्याकडं बघत. मामंजी बसऱ्याला होते त्या वर्षांत, थंडीच्या दिवसांत, त्या पहाटे जात्यावर बसल्या की घरावरून ही हाक जायची. नीरेकडून यायची आणि वरच्या अंगाला जायची. दिसायचं काहीच नाही. त्यांच्या सासूबाई अंथरुणातून बजावायच्या की अंधारातल्या हाकेला ओ द्यायची नाही, ते माणूस नसतं. म्हणून त्या जात्याची घरघर वाढवायच्या. पण ऐकू यायचीच. काही दिवस ती आली नाही तर त्यांना चैन पडत नसे. पाखरू असेल, असं कधी मनातच आलं नाही. मामंजी परत आले आणि बदकांचं सांगायला लागले, तेव्हा रंग सांगितला, पंख सांगितले, आवाज कसा ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"येकदा म्या ओ दिली हुती," त्या म्हणाल्या. "सासूबाई झोपल्या हुत्या तवा."

ह्यांनी मान वळवली आणि बैलांकडं बघत राहिले. ते तान्हं मूल म्हणजे हेच ना, त्याच जात्याशेजारी झोपलेले. मामंजींनी पुन्हा हाक येईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "ऐकू आली म्हनून तर परत आलो."

आत्याबाईंच्या ओठांवर 'थापा' हा नेहमीचा शब्द आलेला मला स्पष्ट दिसला. पण आवाज ओळखला तिथंच त्या पैज हरल्या होत्या, आता तो म्हणायची बंदी होती. त्यांनी तो गिळला, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी, तोंडावर पदर, आणि हसणं. त्या हसण्यानं ढेकळं उडाली. सगळी एकदम. पाण्यावरून वळून आमच्या डोक्यावरून गेली, तांबूस, फिकट डोक्याची, आणि पंखांत पांढरं असं चमकलं की दुर्बिणीची आठवणही कुणाला झाली नाही. आत्याबाई मान मागं टाकून बघत होत्या. डोक्यावरचा पदर पडला तो त्यांनी पुन्हा घेतला नाही.

परत निघायची वेळ झाली तेव्हा बदकं पुन्हा येऊन वाळूवर बसली होती. गाडी जुंपली, बैल चालायला लागले, आणि मागून हाक आली. आँऽग. आत्याबाईंनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. मागून हाक आल्यावर तसंच पुढं जाऊ नये, थोडं बसून, पाणी पिऊन मग निघावं लागतं, असं त्यांनी आम्हांला सांगितलं. हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. आम्ही बसलो, पाणी प्यालो. निघालो, तर पुन्हा हाक. पुन्हा बसलो. ह्यांनी शेवटी विचारलं की ही पाखरं रात्रभर ओरडली तर काय करायचं. मामंजींनी त्यांना सांगितलं की घाई असेल तर चालत पुढं हो.

उत्रोलीत शिरलो तेव्हा दिवे लागत होते. गुरवीण दारातच होती, हातात फेट्याची पुरचुंडी. दिवसभर तिनं जेवण तरी केलं होतं की नाही कोण जाणे. गाडी समोर आली, आता मागून हाक मारायचा प्रश्न नव्हता, तशी तिच्या तोंडाला वाट मिळाली. हात हलवून हलवून खांदे गेले, तुम्ही आपले हसताय आणि सलाम करताय, असं सगळं तिनं एका दमात ऐकवलं आणि पुरचुंडी पुढं केली. मामंजींनी हात पुढं केला. आत्याबाईंनी तो धरून मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," त्या गुरविणीला म्हणाल्या. "प्रस्थान उचललं न्हाई, मंजी आमी अजून निघालोच न्हाई. पुढच्या आयतवारी निघू."

गुरवीण पुरचुंडीकडं बघत राहिली. मग तिनं गाडीकडं, आमच्या वाळूनं भरलेल्या पायांकडं, आत्याबाईंच्या त्या विटक्या लुगड्याकडं पाहिलं. "मग आज दिसभर कुठं जाऊन आला?"

"बसऱ्याला," आत्याबाई म्हणाल्या, आणि ह्यांना गाडी हाकायला सांगितली.